गादी पास करणारे साहेब

मशीन सुरू व्हायच्या आधीच तो गादी चिमटीत धरायचा, दोनदा दाबायचा आणि जाहीर करायचा, "पास आहे राव, पास!" तोंडावर आम्ही त्याला साहेब म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. असला एखादा नमुना तुम्हीही पाहिला असेलच.

आमची चाकणची कंपनी आधी गाड्यांचे धक्के झेलणारे रबरी बुश बनवायची. मग मालकांनी गुडघ्यात बसवायची कृत्रिम गादी करायला घेतली. हाडांमधली मूळची गादी फाटली, डॉक्टरांनी कापून काढली, तरी दुखणं हटत नाही, अशा लोकांसाठी. टेस्टिंगला मी, आणि माझ्या डोक्यावर हा, बुशवरून थेट माणसांवर आलेला. "गाडीचं वजन पेलतं, तर बाईमाणसाचं पेलणार नाही?" असं विचारून स्वतःच खिदळायचा.

कोमट खाऱ्या पाण्यात ठेवलेल्या गादीला मशीन चालत्या गुडघ्यासारखं दाबत राहायचं. अट एकच, मध्ये थांबायचं नाही. थांबलं की चेपलेली गादी पुन्हा फुगते आणि तिचा कच्चेपणा झाकला जातो. शेंबड्या पोरालाही कळेल हे.

खंडेनवमीला या शहाण्याने मशीन बंद करून पूजा मांडली. हळदकुंकू, झेंडूचा हार, लिंबू, सगळं यथासांग. दसऱ्यालाही चालू करू दिलं नाही. आणि रिपोर्टात स्वतःच्या हाताने लिहिलं, चाचणी अखंड चालली.

"साहेब, चाचणी पहिल्यापासून लावायला पाहिजे," मी म्हटलं.

"अरे, माणूस झोपत नाही का? गुडघ्यालाही सुट्टी असतेच की!"

आजूबाजूचे हसले. मला हसू येईना. हॉस्पिटलात ज्यांना ही गादी पहिल्यांदा बसवून बघणार होते, त्या यादीत माझी आई होती. नाव मीच दिलेलं. थेरगावात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ऑपरेशन होऊनही तिचा गुडघा ठणकायचा, आणि मी घरात पाऊल टाकलं की विचारायची, "कवा बसवणार रं ती गादी?"

साहेबाचाही डावा गुडघा असाच गेलेला. ऑपरेशन झालेलं, तरी लंगडायचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "मग यादीत तुमचं नाव पहिलं घालू?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. "माझं... माझं दुखणं वेगळं आहे रे."

शी! किळस आली मला त्या माणसाची. दुसऱ्याच्या आईला चालतं, याला चालत नाही. रिपोर्ट उचलला आणि तडक मालकांच्या केबिनमध्ये गेलो.

मालकांनी नवी गादी घेऊन चाचणी पहिल्यापासून लावायला सांगितली. या वेळी मशीन कुणी थांबवलं नाही. गादी कडेपासून मध्यापर्यंत फाटली. यादी रद्द झाली. साहेबाने राजीनामा दिला, निरोप समारंभाचं कुणी नावही काढलं नाही. मी तर वर पेढे वाटायच्या तयारीत होतो.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं, गादी फाटल्याचं आणि साहेबाच्या लंगड्या गुडघ्याचंही. ती गुडघा चोळू लागली. मग म्हणाली, "बरं झालं बाबा, माझ्या पायात न्हाई फाटली."

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "अन् त्या सायबाच्या गुडघ्याचं काय रं आता?"

"मरू दे त्याला!"

"असं बोलू न्हाई," आई म्हणाली. "लई दुखतं रं."