सुनेचे चार दिवस आणि मी विचारलेला प्रश्न

गर्भपाताच्या गोळ्या घेऊनही आमच्या सुनेचा गर्भ तसाच राहिला आहे, हे सर्वांत आधी कोणी ओळखले, याविषयी आमच्या कुटुंबात मतभेद आहेत. पत्नीच्या म्हणण्यानुसार तिने. मुलाच्या म्हणण्यानुसार त्याने मेडिकलमधून आणलेल्या चाचणीच्या पट्टीने. चांदवडच्या विहीणबाई ही देवाचीच मर्जी होती असे सांगत फिरतात. या प्रकरणात देवाला पक्षकार करण्याचे मला काहीही कारण दिसत नाही. मी नाशिकच्या न्यायालयात आयुष्यभर दिवाणी दावे चालवले आहेत आणि कोणाच्या सांगण्याला पुरावा म्हणायचे व कोणाच्या नाही, हे मला कळते. म्हणून जे घडले ते लिहून ठेवतो. सुनेची याला परवानगी आहे. मुलाची मी मागितलेली नाही.

धाकट्या नातीला तेव्हा वर्षही पूर्ण झाले नव्हते. तिचा जन्म शस्त्रक्रियेने झाला होता. सून पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मालाची प्रत तपासण्याचे काम करते. ती नुकतीच पुन्हा कामावर रुजू झाली होती, तोच तिला पुन्हा दिवस राहिले. तिसरे मूल तिला नको होते. तिने ते स्पष्ट सांगितले, मुलाने मान डोलावली, आणि दोघे गंगापूर रोडवरच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. बाईंनी तपासून गर्भ पाडण्याच्या गोळ्या दिल्या, पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव होईल असे सांगितले आणि दोन आठवड्यांनी दाखवायला बोलावले. यात कोणाचीही चूक नव्हती. चूक पुढे आमच्या घरात झाली.

आमच्याकडे पाळी आली की बाईने चार दिवस बाजूला बसायचे, हा पत्नीचा नियम आहे. फ्लॅटमध्ये बाजू अशी फारशी नसते. तेव्हा बाजूला बसणे म्हणजे देव्हाऱ्याला आणि ओट्याला हात लावायचा नाही, गॅलरीलगतच्या खोलीत सतरंजी टाकायची आणि ताट तिथेच मागवायचे. मी या नियमाविरुद्ध अनेकदा युक्तिवाद केला आहे आणि प्रत्येक वेळी हरलो आहे. गोळ्यांनंतर रक्त दिसताच सून सतरंजीवर गेली. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन ती स्वयंपाकघरात आली. त्याच सकाळी डॉक्टरीणबाईंचा चौकशीचा फोन आला, आणि तो पत्नीने उचलला.

“चार दिवस अगदी व्यवस्थित गेले हो,” पत्नी म्हणाली. “काही काळजी नाही.”

तरीही दाखवायला या, असे बाई म्हणाल्या. हे वाक्य मी स्वतः ऐकले, कारण पत्नी फोन नेहमी स्पीकरवर ठेवते. पत्नीला ते आठवत नाही. मग द्राक्षांचा हंगाम भरात आला, सुनेला सुटी मिळेना, आणि ‘सगळं झालंय, आता कशाला’ असे ठरले. कोणी ठरवले, हे अद्याप निष्पन्न झालेले नाही.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आले की कांद्याची फोडणी पडली की सून स्वयंपाकघरातून बाहेर येते. सकाळी बेसिनचा नळ बराच वेळ चालू राहतो. अशा बाबतींत सासऱ्याने काही गोष्टी पाहायच्या नसतात, त्या मी पाहिल्या नाहीत. पण कान झाकून घेण्याची अट कोणी घातलेली नव्हती. मी मुलाला सांगितले. त्याने पट्टी आणली. तिच्यावर दोन रेघा उमटल्या आणि त्याने कपाळाला हात लावला. मग त्याने पुण्याच्या आपल्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, “अरे, गर्भ गेल्यावरसुद्धा काही आठवडे दोन रेघा येऊ शकतात. त्याच्यावर जाऊ नकोस.” तिचे म्हणणे बरोबर होते. म्हणजे गर्भ राहिला असता तरी दोन रेघा आल्या असत्या, आणि गेला असता तरी. तीच पट्टी आज मुलगा पुरावा म्हणून पुढे करतो.

“मग ओकाऱ्या कशाच्या?” मी विचारले.

“पित्त,” पत्नी म्हणाली. “डब्यातलं गार खाते ती.”

तेव्हा मी सुनेला दिवाणखान्यात बोलावले आणि नातीला पत्नीकडे दिले.

“रक्त किती दिवस गेलं?”

पत्नीच्या हातून नात पडता पडता राहिली. “अहो! लाज आहे का काही? सुनेला विचारतात का असं?”

“चार दिवस, बाबा,” सून जमिनीकडे पाहत म्हणाली.

“बसलीस चार दिवस. ते मी पाहिलंय. रक्त किती दिवस गेलं?”

तिने सासूकडे पाहिले. मग म्हणाली, “पहिल्याच दिवशी. संध्याकाळपर्यंत. तेही डागच होते.”

“अगं, मग उठायचं ना!” पत्नी ओरडली.

“तुम्हीच म्हणता आई, चार म्हणजे चार.” आणि मग, अगदी हळू, “झोप मिळत होती. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच.”

मी पत्नीकडून नातीला परत घेतले.

दुसऱ्या दिवशी मुलाने गाडी काढली. मी सोबत गेलो. मला कोणी बोलावले नव्हते, असे मुलगा म्हणतो, आणि ते खरे आहे. गर्भलिंग सांगितले जात नाही अशा पाटीखाली आम्ही बसलो. सोनोग्राफी करून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गर्भ वाढत होता, ठोके होते. इतके कमी रक्त गेले हीच पहिली खूण होती, आणि मळमळ न थांबणे ही दुसरी, असे त्या म्हणाल्या. “चार दिवस कोणी सांगितले होते?” त्यांनी विचारले. पत्नी घरी होती. मी नाव घेतले नाही.

“आता राहिलाच आहे तर...” मुलगा म्हणाला. हे वाक्य आपण उच्चारलेच नाही, असे तो आज सांगतो. मी शेजारच्या खुर्चीत होतो.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी सुनेला विचारले, “तुला काय हवंय?”

“मला नकोय. तेव्हाही नको होतं,” सून म्हणाली. “मला तेव्हापासूनच वाटत होतं, की गेलेलं नाही. पण सगळे म्हणायला लागले झालं, झालं. मग मला वाटलं, माझंच काही चुकत असेल.”

मुलाने सहीसाठी खिशातून पेन काढले. सही फक्त तिची लागते, असे बाईंनी सांगितले. त्याने पेन तिला दिले.

गर्भाशय उपकरणाने रिकामे करण्यात आले. ती त्याच संध्याकाळी घरी आली. पुढच्या तपासणीला कोणत्याही हंगामाची सबब सांगितली गेली नाही. बाईंनी “सगळं स्वच्छ आहे” म्हटल्यावर सून उठली नाही. तिने सोनोग्राफीचा पडदा आपल्याकडे वळवून मागितला आणि स्वतः पाहिला. नंतर ती बाहेर येऊन मला म्हणाली, “बाबा, आता गेलंय. मी बघितलं.”

सर्वप्रथम ओळखणारा मी, असे मी इतकी वर्षे मांडत आलो आहे. हा मजकूर वाचून दाखवला तेव्हा सून म्हणाली की सर्वप्रथम तिने ओळखले होते. मी हे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “बाबा, तुम्ही होतात का त्या सतरंजीवर?”

मी हा मुद्दा सोडून देत आहे. बाकीच्यांच्या बाबतीत माझे म्हणणे कायम आहे.