जपानचा रामा

भंडारा जिल्ह्यात वजनदार माणसं काही कमी झाली नाहीत, पण जपानच्या सुमो कुस्तीचा सगळा भार एकट्याने खांद्यावर वाहिला तो आमच्या आसगावच्या मावसाजींनीच. ते खांदे म्हणजे सदरा टांगायची खुंटी होती, हे आधीच सांगून टाकतो. मावसाजी समोरून दिसत. आडवे वळले की शोधावे लागत. धान पिकवणारा, जन्मात कुणाला ढकललंसुद्धा नाही असा हा माणूस एका डोंगराएवढ्या जपानी पैलवानाच्या नादी लागला, त्याला कारण तुडतुडा. धानावरच्या या किडीवर काय फवारावं याचा व्हिडिओ ते मोबाइलवर शोधत होते. बोट घसरलं आणि पडद्यावर तो आला. लंगोट लावलेला, तेल चोपडून शेंडी बांधलेला, गाल फुगवून बसलेला. मावसाजी तुडतुड्याला विसरले. त्या हंगामात तुडतुडा पोटभर जेवला.

पैलवानाचं नाव लांबलचक होतं आणि शेवटी 'यामा' यायचं. मावसाजींनी पुढचं सगळं गाळून त्याचा रामा केला. 'आपला रामा' असं ते अशा थाटात म्हणत, की नवख्या माणसाला वाटावं पवनीला दिलेल्या पोरीचा दीर असेल. जपानात या कुस्त्या संध्याकाळी होतात तेव्हा आपल्याकडे ऐन दुपार असते. त्यामुळे कुस्त्यांचा पंधरवडा लागला की दुपारी मावसाजी कुणाचेच नसत. पवनीला एका लग्नात भटजींनी 'सावधान' म्हणायला आणि रामाने समोरच्याला रिंगणाबाहेर लोटायला एकच गाठ पडली. मावसाजींनी हातातल्या सगळ्या अक्षता मोबाइलवर टाकल्या. नवरीच्या मामाने डोळे वटारले, तर हे शांतपणे म्हणाले, "आशीर्वादच हाये जी, जरासा लांब गेला."

कुस्तीआधी पैलवान आखाड्यात मूठभर मीठ उधळतात. जपानी लोक त्याचं काय सांगतात ते सांगोत, मावसाजींनी अर्थ केव्हाच लावला होता. "एवढं मोठं आंग. दिष्ट लागन नाही तं काय? तिथं माय नाही जवळ, मंग आपली दिष्ट आपूनच काढते बिचारा." तेव्हापासून मावसाजीही मीठ उधळू लागले. मोटर सुरू करायच्या आधी मीठ, शेताच्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी भांडायच्या आधी मीठ, भंडाऱ्याला कचेरीत जायचं तर दाराशी मीठ. भांडणात त्यांचा आवाज शेजाऱ्यापर्यंत पोचत नसे, मीठ मात्र पोचायचं. मावशी वैतागून म्हणायची, "आइकता का जी, सैपाकाले तरी ठेवा. लोकाईच्या घरी नवरे दारू उडवते, माह्या घरी मीठ उडवून रायले."

पैलवानाचा सगळा दिनक्रम मावसाजींना तोंडपाठ होता. सकाळी उपाशीपोटी मेहनत, दुपारी टोपलंभर जेवण आणि मग गाढ झोप. यातली झोप मावसाजींनी अगदी शास्त्रशुद्ध पाळली. मेहनतीचा प्रयोग त्यांनी एकदाच केला, तोही रोवण्याच्या दिवसांत. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल, रोपं लावायला बाया वाकलेल्या, आणि मावसाजींनी पैलवानासारखा एक पाय आडवा आभाळाकडे उचलला. तो खाली यायच्या आत दुसराही वर गेला आणि मावसाजी चिखलात बसले. बाया हसून लोटपोट. पण मावसाजी नियमाचे पक्के. तळपायाशिवाय दुसरं काहीही जमिनीला टेकलं की हार. ते उठले, बांधीला वाकून नमस्कार केला, म्हणाले, "हारलो मी," आणि घरी निघून आले. मावशीने विचारलं, "इतक्या लवकर कसे?" तर उत्तर, "तिथं हारलेला मानूस थांबत नाही."

रामाची बढती आम्हाला कळावी म्हणून त्यांनी सुमोतल्या पदांचं भाषांतर करून ठेवलं होतं. रामा आधी ग्रामपंचायत सदस्य होता, मग सरपंच झाला, मग सभापती. वर अध्यक्ष आणि सगळ्यांच्या वर पालकमंत्री. "पर तिथं जिंकन्यापरीस हारनं जास्त झालं का खाली येते," मावसाजी आम्हाला बजावत. "आपल्यासारखं नाही, का हारला तरी गाडीवरची पाटी तशीच." रामा पालकमंत्री होणार यात मावसाजींना तिळभर शंका नव्हती. देवापुढे ते आता दुसरं काही मागतच नसत.

आणि रामाचा गुडघा गेला. एका कुस्तीत पाय वाकडा पडला तो पडलाच. सभापतीचा सरपंच झाला, सरपंचाचा सदस्य झाला, पुढे तर चपराशीही राहतो की नाही अशी वेळ आली. मावसाजी रोज अंघोळीआधी मोहाच्या बियांचं तेल स्वतःच्या धडधाकट गुडघ्याला चोळत बसत. मी म्हटलं, "मावसाजी, तुमचा गुडघा कुठे दुखतो?" ते म्हणाले, "माह्या नाही दुखत बापू. पर तिथं त्याले कोन लावून देईन?"

गुडघ्याला जाडजूड पट्टी बांधून रामा परत आला, त्या दुपारी मीठ वाया जातं म्हणून ओरडणारी मावशी स्वतः मीठमोहऱ्या घेऊन आली आणि तिने मोबाइलवरून ओवाळून चुलीत टाकल्या. रामा जिंकला. दुसऱ्या दिवशी मात्र रामा हरला, तिसऱ्या दिवशी हरला, आणि मग दिसेनासाच झाला. पुढचा पंधरवडा लागला, संपला. मावसाजी म्हणत, "नेटवर्क नसन." असं म्हणता म्हणता धान कापून झालं.

मग एक दिवस मावशीचा मला भंडाऱ्याला फोन. "बापू, तुह्ये मावसाजी सुतकात बसले. डोक्शाले तेल नाही, देवाले हात नाही, भाजीले फोडनी नाही. कोन गेलं म्हनलं तं सांगत नाही, निस्ते डोये पुसते." मिळेल त्या एसटीने आसगाव गाठलं. घरापुढच्या सपरीत गावातली पाचसहा माणसं तोंडं पाडून बसली होती. कोण गेलं हे कुणालाच माहीत नव्हतं, पण माणूस चांगला होता यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं.

मावसाजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. रामा खुर्चीवर बसला होता. काळ्या कपड्यांतली माणसं एकेक करून मागे येत, कात्रीने त्याच्या शेंडीचे थोडे केस कापत, खांद्यावर हात ठेवून निघून जात. रामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाप गेला रे तेचा," मावसाजी म्हणाले. "पाह्य, केस उतरवून रायले. एवढा मोठा जीव, लेकरावानी रडते."

खाली काय लिहिलंय ते मी वाचलं. "मावसाजी, कोणी गेलं नाही. गुडघ्यापायी त्यानं कुस्ती सोडली. तिकडे पैलवान निवृत्त झाला की शेंडी कापतात. ज्यांचा ज्यांचा त्याच्यावर जीव आहे ते सगळे येऊन थोडेथोडे केस कापतात. हा बघा बाप, कात्री घेऊन उभा आहे."

"म्हनजे बाप खुशाल हाये?"

"एकदम खुशाल."

मावसाजींनी मांडीवर थाप मारली आणि ते पोट धरून हसले. सपरीतली माणसं जराशी हिरमुसली. सुतक फुकट गेलं म्हणून एकाने निदान चहा तरी ठेवायला सांगितला. ते चहा पिऊन पांगले, तेव्हा मावसाजींनी मला हळूच विचारलं, "मंग आता पुढच्या खेपेले येईन ना तो?"

"नाही मावसाजी. आता नाही येणार."

मावसाजींनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. मग पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला, पडद्यावर रामाच्या शेंडीपाशी अलगद टेकवला आणि एकदाच दाबला. "जाय बापा," म्हणाले, "लय लढला. आता घरी जाय, गुडघ्याले जप."

आतून मावशीने विचारलं, "आइकता का जी, कोनी मेलं नाही म्हनते बापू. देऊ का मंग भाजीले फोडनी?"

मावसाजींनी मोबाइल पालथा ठेवला. म्हणाले, "आजच्या दिवस राहू दे."