गेटवरून परत आलेला नारळ

टेम्पो माजिवड्याच्या पुलाखाली सिग्नलला थांबला, तेव्हा आय जाळ्याच्या बोचक्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर देव्हारा होता. टिटवाळ्याला वनबीएचके, हवा चांगली, गणपतीचं गाव, असं मी सारखं बडबडत होते. तिनं एवढंच विचारलं, “तित पानी हाय ना?” नळाला चोवीस तास येतं, म्हटलं. तिनं तोंड फिरवलं.

दिव्याला, बदलापूरला, कुठकुठे पांगलेल्या माझ्या कोळीवाड्यातल्या माणसांनो, आणि अजून तिथल्याच मागच्या बिल्डिंगीत चिकटून राहिलेल्यांनो, तुम्हाला वेगळं काय सांगू? घरं पाडून टॉवर झाले, टॉवरच्या मागच्या बिल्डिंगीत आपल्यालाही फ्लॅट मिळाले. मग गॅलरीत वाळत घातलेल्या जवळ्याच्या वासावरून तक्रारी सुरू झाल्या, आणि मेंटेनन्स तर आपल्या बापाच्यानं भरला जाणार नव्हता. टॉवरच्या ब्रोशरवर मात्र आपली होडी छापली होती.

यंदा नारळी पौर्णिमेला आय हट्टाला पेटली. खाडीला नारळ द्यायचा तर आपल्याच धक्क्यावरून. लुगडं नेसून, केसात अबोली माळून ती टिटवाळ्याहून माझ्याबरोबर निघाली. धक्क्याच्या वाटेवर आता गेट आहे.

“कौन से फ्लॅट में जाना है, मावशी?” वॉचमननं विचारलं.

“फ्लॅटमधी नाय बाबा, खाडीवर.”

“उधर क्लबहाऊस है, मेंबर लोगों का. पीछे की बिल्डिंगवालों को भी मना है.”

त्याचीही नोकरीच होती. तरी मी मोठमोठ्यानं भांडले. आय नारळ पदराखाली धरून गप्प उभी राहिली. बाजारात गिऱ्हाइकाला शब्दाला शब्द देणारी बाई ती. तिचं ते गप्प राहणं मला अजून सहन होत नाही.

येताना म्हटलं, कल्याणच्या खाडीत सोडू, पाणी तेच. “तितला पानी आपल्याला वलखत नाय,” ती म्हणाली. घरी आणला, तर फोडूही देईना. खाडीला बोललेला नारळ घरात खायचा नसतो.

म्हणून तो इथल्या खिडकीत पडून आहे. रोज संध्याकाळी आय तो कानाशी हलवून बघायची. आतलं पाणी वाजलं की परत ठेवायची. आपलं घर म्हणून आता तेवढंच पाणी उरलंय, असं मला वाटायचं.

परवा ती अंघोळीला गेल्यावर मी हलवून पाहिला. वाजला नाही. तिनं मला काहीच सांगितलेलं नाही. संध्याकाळ झाली की अजूनही कानाशी धरून बसते.