अर्धा कप लाल तेल

निपाणीच्या समाधानचा हात म्हणजे हात. उसाच्या ट्रॉलीचा जॅक गळाय लागला की बोरगावपासून चिकोडीपर्यंतचा कुठलाही ट्रॅक्टरवाला डोळे झाकून त्याच्या शेडात यायचा. पंचवीस वर्षं हेच चाललंय. एवढा गुणी माणूस, पण शेडातल्या वस्तूला कुणी हात लावला की ह्याच्या अंगात वारं शिरायचं. एकदा बायकोनं, तानीबाईनं, पकड घरात नेली तर दोन दिवस बोलला नव्हता गडी. आता पकडीसाठी बायकोशी अबोला धरणाऱ्याला काय म्हणावं?

गेल्या आठवड्यात लेक समता बेळगावातनं नवंच काम घेऊन आली. तिच्या कंपनीतली मैत्रीण पूर्णिमा, खानापूरकडची, तिची जीप. रविवारी लोंढ्याजवळच्या माळावर जीपची स्पर्धा होती. पूर्णिमा चालवणार, समता शेजारी बसणार. खड्ड्यात चाक उसळून चासीवर आदळू नये म्हणून मधे तेल आणि गॅस भरलेले दोन छोटे सिलिंडर बसवलेले असतात, बंप स्टॉप म्हणतात त्यांना. ह्या जीपचे दोन्ही गळत होते आणि त्यांचे ब्रॅकेटही हलले होते.

“आप्पा, ट्रॉलीच्या जॅकागत काठोकाठ भरायचं न्हाय,” समतानं बजावलं. “वर गॅसला जागा सोडायची. तेल जास्त झालं तर दांडा आत दबतच न्हाय. चाक दगडावर आपटल्यागत हुतंय, ब्रॅकेट उपटून गाडी पलटी बी हुतीया.”

“मला शिकवतीस व्हय गं?” समाधान म्हणाला. पण तिनं दिलेला मापाचा कागद त्यानं घडी घालून खिशात ठेवला.

काम मात्र त्यानं जीव लावून केलं. आधी उरलेला गॅस सोडला, सिलिंडर खोलले, कडक झालेली रबरी सिलं काढून नवी घातली, मापानं लाल तेल भरलं. नवे ब्रॅकेट चासीला वेल्डिंग केले. दांडा ॲक्सलवर बरोबर मधोमध टेकतो का हे बघायला तानीबाईकडनं कणकेचा गोळा मागितला, ॲक्सलवरच्या पट्टीवर थापला आणि ॲक्सल हळूच वर उचलला. कणकेत ठसा अगदी मधोमध उमटला.

“आमची कणीक चालती,” तानीबाई म्हणाली, “तुमची पकड तेवढी आमाला चालत न्हाय.” समाधाननं पट्टीवरची कणीक खरवडून काढली.

शनिवारी संध्याकाळी पोरी जीप घेऊन गेल्या. गॅस बेळगावात भरून घेणार होत्या.

रविवारी सकाळी त्यानं शटर वर केलं. रोज ते असं बोंबलायचं की आख्खी गल्ली जागी व्हायची. आज गपगुमान वर गेलं, पण ह्याचं ध्यान कुठं होतं? लाल तेलाच्या डब्यावर नजर गेली आणि तो जागच्या जागी थांबला. कागदाप्रमाणे डब्यात किती तेल उरायला हवं ते त्याला पाठ होतं. त्याहून अर्धा कप कमी होतं. खाली कुठं सांडल्याचा डाग नव्हता. मग त्याला आठवलं, दुसरा सिलिंडर भरताना तो एका ट्रॅक्टरवाल्याशी बोलत होता. पंचवीस वर्षांची सवय, हातानं आपसूक काठोकाठ भरलं असणार.

त्यानं समताला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लोंढ्याच्या त्या रानात रेंज कुठली यायला? स्पर्धा अकराला होती आणि दहा वाजून गेले होते. गाडी काढून निघाला असता तरी पोचला नसता.

चहा घेऊन तानीबाई आली. “अवो, तोंड का असं उतरलंय?”

“माझ्या हातनं चूक झाली गं,” तो म्हणाला. लग्नाला तीस वर्षं झाली, पण हा शब्द तिनं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. “तेल जास्त भरलंय मी. अर्धा कप. आपली पोरगी बसलीया त्या गाडीत.”

तानीबाईनं कप खाली ठेवला. “लाल तेल? त्या डब्यातलं?”

“व्हय.”

“ते मी घेतलंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “काल जीप गेल्यावर तुमी आंघोळीला गेलतासा, तवा शटरला घातलं. रोज त्याला शिव्या देत हुतासा. आन् सांगितलं असतं तर मलाच खाल्लं असतं.”

समाधान उठला. शटर खाली ओढलं, वर ढकललं. पुन्हा ओढलं, पुन्हा ढकललं. आवाज नाही. पट्टीवरनं बोट फिरवलं तर बोटाला लाल तेल. त्याचा जीव भांड्यात पडला. तो तिथंच फरशीवर बसून हसायला लागला. डोळ्यांतनं पाणी येत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

दुपारी समताचा फोन आला. “आप्पा, गाडी लई उडाली. खाली आली ती गादीवर पडल्यागत. चौथा नंबर आला.”

“असू दे गं,” तो म्हणाला. “सावकाश या.”

फोन ठेवून त्यानं खुंटीवरची पकड काढली, घरात गेला आणि चुलीजवळच्या फळीवर, मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवली.

“काय लागंल ते न विचारता घे,” तो म्हणाला. “फकस्त घेतल्यावर सांगत जा. मी काय बी बोलणार न्हाय.”