काणीचा चाबूक

काल इंदापूरला ताईच्या घरी भाकरीचा डबा उघडला, तर बुरशीचा वास आला आणि मी नव्वदच्या दशकातल्या, आमच्या पिंपळी गावच्या उसात जाऊन पोचले.

उसाच्या शेंड्याला काणीचा, म्हणजे बुरशीच्या रोगाचा, काळा चाबूक फुटला होता. त्याची भुकटी उडू नये म्हणून आमचे वडील, तात्या, तो पोत्यात झाकून कापत होते. बारामतीच्या कॉलेजातून आलेली ताई पोतं धरून सांगत होती, "तात्या, बुरशीच्या पेशीची भिंत टोकाला मऊ असती, तितनंच धागा वाढतो. टोकामागं ती टणक बनती. यीस्टची भिंत सगळीकडनं ताणली जाती, म्हणून ते गोल."

"शीक पोरी, थांबू नगं," तात्या म्हणाले.

त्याच वर्षी तात्या गेले. काकांनी ताईचं कॉलेज सोडवलं आणि लग्न लावून दिलं.

काल मी मुद्दाम विचारलं, "ताई, बुरशी कुठनं वाढती गं?"

"मला काय म्हाईत?" म्हणत तिनं डबा घासायला घेतला.