हेडफोन लावून गायलेली गाणी

अंबडच्या बसस्टँडवर मी सारी नोकरी माईकसमोर काढली. वाहतूक नियंत्रक होतो. वडीगोद्रीकडे जाणारी गाडी कुठल्या फलाटावर लागली, जालन्याची का आली नाही, हे सांगत राहायचं. कर्ण्यातून बाहेर पडायचा तो आवाज माझाच, पण नाकातून आलेला, खरखरीत, मध्येच शिट्टी मारणारा. लोक तो नीट ऐकून घ्यायचे आणि मग खिडकीशी येऊन तेच पुन्हा विचारायचे. त्या कर्ण्यानं मला आवाज या गोष्टीचाच वीट आणला होता. म्हणून निवृत्त झाल्यावर मी एकच चैन केली आणि भारीतले हेडफोन घेतले.

भारीतले म्हणजे मोबाइलच्या दुकानात हुकाला टांगलेले नव्हेत. वायरचे, कान पूर्ण झाकणारे, मखमली गाद्यांचे, आणि सोबत वेगळा अँप्लिफायर. घ्यायच्या आधी मी इंटरनेटवर इतकं वाचलं, की पोरीच्या स्थळाचीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती, असं बायको म्हणायची. खरंच होतं ते. आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे, म्हणून बाहेरचं काहीच आत येणार नाही असेच मी निवडले. असे हेडफोन घातले की आपलाही आवाज आपल्याला ऐकू येत नाही, हे मी वाचलेल्यात कुणी लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असेल तर मी ते वाचलं नाही.

पहिल्या दुपारी एक जुनी मैफल लावली. कॅसेटवर ती मी झिजेपर्यंत ऐकली होती, तिच्यात नवीन काही सापडेल असं वाटलं नव्हतं. पण तानपुऱ्याच्या तारा एकेक वेगळ्या ऐकू आल्या. पेटीच्या भात्याची धाप ऐकू आली. तान घेण्याआधी गाणाऱ्या बाईंनी भरून घेतलेला श्वास आला, आणि मागं कुणीतरी खोकलं, तर ते डावीकडच्या कोपऱ्यात बसून खोकलं हेही कळलं. मला रडू आलं, त्यात लपवायचं काय.

मग त्याचं एक सोवळंच सुरू झालं. जेवणं आटोपली की खिडकीजवळची लाकडी खुर्ची. गाद्या खराब होतात म्हणून डोक्याला तेल बंद. सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आईनं, लहानपणापासून थापलेलं तेल एका मशीननं उतरवलं, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. उन्हाळ्यात कूलरची थरथर खुर्चीतून वर चढायची, म्हणून कूलरही बंद. घामानं मखमल ओली झाली की सुती फडक्यानं टिपायची आणि पुन्हा बसायचं. मध्येच कुणी बोलायला आलं की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. मी तसा मुळातच तिरसट. स्टँडवर बसून माणूस दुसरं काय होणार?

गाण्याचं आणि माझं नातं मात्र सांगायला हवं. आम्ही मूळचे मेंढरांमागचे. वडिलांचा आवाज दोन शिवारं ओलांडायचा. ओवी म्हणायला मंडळी बसली की मी तोंड उघडायच्या आत माझ्या हातात झांजा यायच्या आणि माझी रवानगी मागच्या रांगेत व्हायची. याला सूर न्हाई, हे घरात ठरून गेलं होतं. मीही ते मान्य करून टाकलं. गाणं दुसऱ्यांनी म्हणायचं, आपण ऐकायचं. देवळात, लग्नात, आरतीलाही मी नुसते ओठ हलवतो.

आणि तोच मी त्या खुर्चीत बसून रोज मोठ्यानं गात होतो. डोळे मिटलेले, कानात ती भरलेली मैफल, आणि तोंड आपोआप उघडत असणार. मला याचा पत्ताच नव्हता.

पत्ता लागला तो मंठ्याला. मेव्हण्याच्या नातवाचं बारसं होतं. हल्ली बारशालाही माईक आणि स्पीकरचे मोठे बॉक्स लागतात. आत बायका पाळण्याभोवती, बाहेर मांडवात आम्ही पुरुषमंडळी पंगतीला, आणि बॉक्सची तोंडं नेमकी आमच्याकडं. बाळाचं नाव ठेवून झालं आणि उखाणे सुरू झाले. आमची मंडळी उखाण्याच्या बाबतीत फार कंजूष. लग्नातला एक पाठ आहे, तोच सगळीकडे चालवते. त्या दिवशी मात्र तिनं माईक हातात घेतला आणि नवा कोरा उखाणा घेतला.

"स्टँडवर ज्यांच्या आवाजाला थांबायचं सारं गाव, कानाला मशीन लावून बेसूर गातात…"

पुढं माझं नाव आणि त्याला राव. ते इथं घालत नाही, अंबडात ते आता सगळ्यांना ठाऊक आहे.

आत हसू फुटलं, मग मांडवात फुटलं. माझ्या हातात जिलेबी होती. मेव्हण्यानं वाढता वाढता विचारलं, दाजी, गाणं कधी शिकले? मी हसल्यासारखं केलं आणि जिलेबी तशीच पानात ठेवली. आपण गातो हे माणसाला भर पंगतीत, बॉक्समधून कळावं, तेही 'बेसूर' या शब्दासकट, याचा राग मला आला. आणि रागाच्या खाली शरम होती. झांजा देऊन मागं बसवलेला तो मीच पुन्हा तिथं बसलो होतो.

परतताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ती म्हणाली की उखाण्यात नवऱ्याची थट्टा सगळ्याच करतात, उखाणा असतोच कशाला? अंबडला आलो तर उखाणा मोबाइलवरून आमच्या आधीच पोचलेला. भाजीवाल्यानं मेथीची जुडी बांधता बांधता विचारलं, साहेब, गाण्याची गाडी किती वाजता सुटती? त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी मेथी न घेताच घरी आलो.

त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप घातलं. हेडफोन तेच, खुर्ची तीच, मैफलीही त्याच. पण निम्मं लक्ष जबड्यावर असायचं. ओठ हलले का, गळ्यातून काही निघालं का, म्हणून मी गळ्यावर बोट ठेवून बसायचो. बाईंचा श्वास अजून ऐकू यायचा, तबल्यावर घसरलेलं बोट ऐकू यायचं. सगळं ऐकू यायचं, फक्त मी त्यात नसायचो. आपल्याला गाता येत नव्हतं हे दुःख मी पचवलं होतं. पण आपण गात होतो, आणि ते आपल्याला कधी कळलंच नाही, याची हळहळ वेगळीच होती.

घरातही काहीतरी बदललं होतं. दुपारी टीव्ही लागायला लागला. कुकरच्या शिट्ट्यांचा दणका खुर्चीपर्यंत पोचायला लागला. मला वाटलं, बाईसाहेब आता चिडून मुद्दाम करताहेत. मीही तिला विचारलं नाही. दोघंही हटाला पेटलो की आमचं घर असंच चालतं.

मग एका दुपारी ती खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. मी एका कानावरची गादी सरकवली.

"आता न्हाईच गाणार का तुमी?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, हसायला आणखी माणसं गोळा करायची राहिली आहेत का?

ती पदराशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "तुमी गायचे तवा मी मागच्या दारात लसूण सोलत बसायचे. कुकर बी तुमचं झाल्यावर लावायचे. तुमी इतकं मोकळं कधीच काही केलं न्हाई घरात. मला लई बरं वाटायचं."

मी तिला विचारलं की मग मला कधी सांगितलं का नाही.

"सांगितलं असतं तर बंद केलं असतं," ती म्हणाली. तिनं मला बराबर ओळखलं होतं. मग तिथं मंठ्याला चारचौघांत का सांगितलंस, असं मी विचारलं, आणि माझा आवाज चढला नाही याचं मलाच नवल वाटलं. ती म्हणाली, "बाळाचं नाव ठेवलं, सगळ्या खुशीत व्हत्या. माझ्याकडं सांगण्यासारखं तेवढंच व्हतं. तोंडातून गेलं."

ती आत गेली. एका कानात मैफल चालूच होती, ती मी बंद केली. टिंगल म्हणून मी जे मनाला लावून घेतलं होतं, ते तिनं कौतुकानं बाहेर काढलेलं होतं. बेसूर म्हणून तिला ते कमी वाटत नव्हतं. आमच्यात कौतुक सरळ सांगायची रीत नाही, उखाण्यात घालून, थट्टेत गुंडाळूनच ते सांगतात, हे काय मला माहीत नव्हतं? तरी मी भर पंगतीत ते उलटं घेतलं. त्या दिवशी मी तिच्याबरोबर हसलो असतो, तर कदाचित दुसऱ्याच दुपारी विसरून पुन्हा गायलो असतो.

त्यानंतर गाऊन बघितलं. मैफल लावली, डोळे मिटले, तोंड उघडलं. एक ओळ कशीबशी निघाली आणि पुढं तोंड आपोआप मिटलं. आता मला माहीत होतं ना, दारात कोण बसलंय ते. दोनतीन दिवस असंच झालं. मग मी एक शक्कल काढली. हेडफोन कानावर चढवले, पण गाणं लावलंच नाही. एक गादी केसांत जरा वर सरकवली, म्हणजे आपला आवाज आपल्याला ऐकू यावा. आणि डोळे मिटून, सांभाळून, मनात बाईंची चाल धरून मी गायला लागलो. चुकलं तिथं सावरलं. इतकं वाईट नव्हतं ते. वडिलांनी ऐकलं असतं तर झांजा काढून घेऊन मला पुढच्या रांगेत बसवलं असतं.

गाणं संपवून मी डोळे उघडले. ती मागच्या दारातून उठून लसणाचं ताट हातात घेऊन मधल्या उंबऱ्यात आली होती.

"आज सुरात गाऊन राह्यले तुमी," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"कानात गाणं लावलं न्हाई न?"

मी नाही म्हणालो.

"मंग राहू द्या," ती म्हणाली. "ते बेसूरच मोकळं व्हतं." लसूण सोलून झाला होता, तरी ताट मांडीवर घेऊन ती थोडा वेळ तिथंच उंबऱ्यात बसली.