मुकी झालेली गाडी

गल्लीत तिला सगळे कानवाली म्हणत. दवाखान्यात तिचं काम लोकांचे कान तपासायचं. एक छोटी खोली, जाड दरवाजा, भिंतींना स्पंज. पेशंट आत हेडफोन लावून बसायचा आणि कानवाली काचेबाहेर बसून बटणं दाबायची. "आवाज आला की हात वर करा, नाही आला तर करू नका," हे ती प्रत्येकाला दोनदा सांगायची. तरी काही लोक आवाज नसतानाही हात वर करायचेच. परीक्षा म्हटली की माणसाला पास व्हायचं असतं, मग ती कानांची का असेना.

दिवसभर बारीकसारीक आवाज ऐकवणाऱ्या माणसाला रस्त्यावरचा गोंगाट जरा जास्तच टोचतो. त्यात घरची गाडी! चार दारांची, राखाडी, रस्त्यावर दर दहातली एक दिसते तशी. चालायला लागली की भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली सोडल्यासारखी वाजायची. रोज सकाळी तिघं त्यातून निघत. बाबा गाडी चालवत, आई मागे बसे आणि कानवाली बाबांच्या शेजारी. आई शिवणकाम शिकवायची त्या सेंटरवर आधी आईला सोडायचं, मग हिला दवाखान्यात. बाबा आयुष्यभर बसचे ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर बस सुटली, ड्रायव्हर काही सुटला नाही. गाडीची किल्ली त्यांच्या खिशात असायची आणि ती दुसऱ्या कुणी मागितली तर त्यांचा चेहरा दात मागितल्यासारखा व्हायचा.

एका सकाळी आई मागून काहीतरी म्हणाली, ते पुढे दोघांनाही ऐकू आलं नाही. तिनं तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं, "अहो, मी म्हणतेय, एवढं ओरडायला लागू नये!"

त्या दिवशी कानवालीनं मनावर घेतलं. गाडी शांत करायची, आणि स्वतःच्या हातानं.

गाडीत कधी हात घातलेला नव्हता. तिनं दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि थेट कोपऱ्यावरच्या सीटवाल्या मास्तरांकडे गेली. मास्तर गाड्यांच्या सीटा शिवायचे, आणि त्या निमित्तानं निम्म्या शहरातल्या गाड्यांचे कपडे त्यांनी उतरवलेले होते.

"ताई, काय लावायचंय ते नंतर बघू," मास्तर म्हणाले. "आधी काढायला शिका. लावता सगळ्यांना येतं, नीट काढता येणारा विरळा."

त्यांनी तिला प्लॅस्टिकचं एक चपटं हत्यार दिलं, उलथन्यासारखं. दाराच्या आतलं आवरण क्लिपांवर बसलेलं असतं. ते उलथनं फटीत घालायचं आणि धीर धरून उचकायचं. पहिल्या दाराला ती इतकी घाबरली की मास्तरच म्हणाले, "अहो, ते बाळंतपण नाहीये. ओढा." तिनं ओढलं. टक्, टक्, टक् करत क्लिपा सुटल्या. तीन तुटल्या. मास्तरांनी डब्यातून तीन नव्या काढून दिल्या, जणू हे ठरलेलंच होतं.

आवरणामागे नुसता पत्रा. तिनं त्यावर बोटाची पेरं आपटली. टण्ण! ड्रमसारखा. "हाच तो," ती म्हणाली. रस्त्याचा प्रत्येक खडखडाट हा पत्रा मोठा करून आत पाठवत होता. तिनं पत्रा स्पिरिटनं पुसला आणि त्यावर डांबरासारखे जड, चिकट, वरून चंदेरी असे तक्ते चिकटवले. ते लाटून लाटून घट्ट बसवायचे असतात. रोलर नव्हता, म्हणून घरातलं लाटणं आणलं.

"माझं लाटणं गाडीच्या दारात काय करतंय?" आईनं विचारलं.

"पत्रा लाटतंय."

"चिकटलेलं धुऊन दे. आणि तो पत्रा बिघडला तर बाबांना तूच सांग."

तक्ते बसल्यावर तिनं पुन्हा पेरं आपटली. धप्प. ती एकटीच हसली. ज्या दाराचा आवाज टण्ण होता तो धप्प झाला, तोही आपल्या हातानं! असं सुख तिला कॉलेजच्या पदवीनंही दिलं नव्हतं. आवरण परत बसवल्यावर एक स्क्रू उरला. ती हादरून मास्तरांकडे धावली.

"दार उघडतं?"

"उघडतं."

"लागतं?"

"लागतं."

"मग तो कंपनीनं शोभेला दिला होता. ठेवा जपून."

एवढ्यावर ती थांबती तर बरं झालं असतं. पण पहिल्या यशाची चव वाईट. पुढच्या सुट्टीत तिनं सीटा काढून तळ झाकला. मग चाकांवरचे कोपरे. मग इंजिन आणि आपले पाय यांच्यामध्ये जो पत्र्याचा पडदा असतो, त्यावरही पेडलच्या मागे हात घालून तक्ते लावले आणि त्यांच्यावर जाड रबराचा थर दिला. पाठीला उसण भरली. मास्तर दुकानाच्या पायरीवरून बघत होते. "ताई, अति तिथं माती," ते म्हणाले. तिचं डोकं पेडलखाली होतं, त्यामुळे तिला ते ऐकू आलं नाही.

सोमवारी सकाळी तिघं निघाले. बाबांनी गाडी सुरू केली. गाडी सुरू झालेली होती, पण बाबांना कळलंच नाही. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. खर्रर्र! तिघांचे दात शिवशिवले.

"अरे वा," बाबा ओशाळून म्हणाले, "लिफ्टमध्ये बसल्यासारखं वाटतंय."

आई मागून हळूच म्हणाली, "किती छान! आता मला कुजबुजता येईल." कानवालीची छाती फुगली.

चौकापर्यंत. सिग्नल सुटला आणि बाबांनी गाडी उचलली ती झटका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे बस उभी होती. बसचा ड्रायव्हर खिडकीतून वाकला. नेमका तो बाबांच्या हाताखाली शिकलेला निघाला.

"काय गुरुजी! क्लच घरी राहिला का?"

बसमधले दोघं-तिघं हसले. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. पुढे त्यांनी पहिल्या गिअरमध्येच गाडी इतकी ताणली की वास यायला लागला. आईचं सेंटर येईपर्यंत कुणी बोललं नाही. गाडी आता इतकी शांत होती की ते न बोलणंही ऐकू येत होतं.

मंगळवारी तेच. बुधवारी चढावर गाडी मागे घसरली आणि एका सायकलवाल्यानं बाबांना शिवी दिली. घरी आल्यावर बाबांनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"उद्यापासून तू चालव."

"का बाबा?"

"कळतच नाही गं. डोळे ठीक आहेत, पाय ठीक आहेत, पण अंदाज जातोय. वय झालं. बाकी काय?"

आईनं तिला स्वयंपाकघरात ओढलं. "लायसन परत देऊन टाकतो म्हणतायत. कायमचं. हा माणूस गाडी चालवायचा थांबला तर दिवसभर घरात माझ्या शिवणयंत्रालाच ब्रेक लावत बसेल. काहीतरी कर."

त्या माणसानं आयुष्यभरात कुणाला ओरखडाही काढला नव्हता, आणि तो आता तीन दिवसांत म्हातारा झाला होता. कानवालीला एकच इलाज ठाऊक होता, कान तपासणं. कदाचित मागच्या गाड्या त्यांना ऐकू येत नसतील. शुक्रवारी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली आणि स्पंजच्या खोलीत बसवलं.

बाबांनी हात वर केले, खाली केले. जाड, खालच्या पट्टीतले आवाज त्यांनी तरुण पोरांसारखे पकडले. पक्ष्याच्या चिवचिवाटासारखे बारीक आवाज मात्र बरेच सुटले.

"नापास?" बाहेर येऊन त्यांनी विचारलं.

"वयाच्या मानानं उत्तम, बाबा. बारीक आवाज थोडे कमी येतात, एवढंच."

"यात तुझ्या आईचा आवाज नव्हता का? तो तर बारीक असतो."

"तो मशीनमध्ये नाही येत."

"मग मशीन चांगलं आहे."

कान तर ठीक. मग बिघडलंय काय? परतताना तिनं हट्टानं किल्ली त्यांच्या हातात दिली. "घरापर्यंत. माझ्यासाठी." बाबा नाइलाजानं बसले. रस्ताभर तीच रड, गचके आणि घाम. ऊन कडक होतं. बाबांनी कपाळ पुसलं आणि खिडकीची काच खाली केली.

पुढे एका गोदामाची लांबलचक भिंत लागते. बाबांच्याच बाजूनं, रस्त्याला अगदी लागून. तिथे शिरल्यावर बाबांनी दुसरा गिअर टाकला, मग तिसरा, आणि पुढच्या ट्रकमागे पुन्हा दुसरा. लोण्यात सुरी फिरवावी तसे. कानवालीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. भिंत संपली आणि पुढच्याच वळणावर गाडी आचके देऊन बंद पडली.

"बाबा, परत वळवा."

"कुठे?"

"भिंतीपाशी. पुन्हा एकदा जाऊ."

"डोकं फिरलंय का तुझं?" असं म्हणत त्यांनी वळवली. पुन्हा भिंत, पुन्हा लोणी. भिंत संपली, पुन्हा आचका. तिसऱ्या खेपेला गोदामाचा रखवालदार खुर्चीतून उठून बघायला लागला.

"बाबा, तुम्ही गिअर बदलता ते कशावरून?"

"ती सांगते तेव्हा बदलतो."

"ती कोण?"

"गाडी! दुसरी कोण? आई सांगते ते वेगळं, ते मी ऐकत नाही. बसमध्ये काय काटे बघत होतो का मी? निम्मे बंदच असायचे. नजर रस्त्यावर ठेवायची आणि खालून हुंकार आला की हात आपोआप जातो." मग ते थांबले. भिंतीकडे बघितलं, उघड्या खिडकीकडे बघितलं. "अगं, इथे ती बोलतेय की!"

कानवालीनं कपाळावर हात मारून घेतला. इंजिनचा आवाज बाहेर पडत होता, भिंतीवर आपटून खिडकीतून आत येत होता. बाकी रस्त्यावर तो तिनं लाटणं फिरवून गाडला होता. नेमका तोच जाडा, खालच्या पट्टीतला हुंकार, जो बाबांच्या कानांना आजही लख्ख ऐकू येत होता. लोकांना ऐकू यावं म्हणून पगार घेणाऱ्या पोरीनं स्वतःच्या बापाची गाडी मुकी केली होती!

तिनं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे मी म्हातारा झालो नाही?"

"नाही. मी शहाणी झाले, जास्तच."

बाबा इतके हसले की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. "मग खिडकी उघडी ठेवू, झालं."

"आणि पावसात? शिवाय शहरभर भिंती कोण बांधणार?"

सुट्टीच्या दिवशी ती पुन्हा मास्तरांच्या दारात. "काढायचं आहे," ती म्हणाली.

"सगळं?"

इथे तिचा जीव अडकला. दारं, तळ, चाकांवरचे कोपरे, सगळं तिनं लाटून लाटून बसवलं होतं. बाबा चालवणार असतील तर तेही उपटायची तिची तयारी होती. पण तिनं विचार केला. दाराच्या खडखडाटानं बाबांना काही कळत नव्हतं, टायरांच्या घरघरीनंही नाही. "आधी फक्त पेडलमागचा पडदा," ती म्हणाली. "तेवढ्यानं भागलं नाही तर बाकीचंही."

मास्तरांनी गरम हवेची बंदूक दिली आणि भविष्य सांगितलं, "लावायला एक दुपार, काढायला कंबर." ते खरं ठरलं. रबर निघालं, पण तक्ते पाकाच्या तारेसारखे ताणले जायचे आणि बोटांना, केसांना, कोपराला चिकटायचे. संध्याकाळपर्यंत ती स्वतःच आवाजरोधक झाली होती.

सोमवारी सकाळी बाबा गाडीपाशी उभे राहिले. किल्ली हातात, पण दार उघडेनात. "तूच घे आज," ते म्हणाले. "उद्या बघू."

आई आधीच मागे बसली होती. तिनं पर्स मांडीवर घेतली. "अहो, बायका सुईत दोरा ओवून बसल्या असतील. चला!"

बाबा बसले. किल्ली फिरवली आणि हात तिथेच थांबला. खालून भरदार, संथ हुंकार आला. त्यांनी मान किंचित तिरकी केली. पहिला. दुसरा. गल्लीच्या तोंडाशी थांबले, पुन्हा निघाले. चौकात सिग्नल लागला. कानवालीनं सीटची कड घट्ट धरली. हिरवा दिवा झाला आणि गाडी निघालेली तिला कळलीसुद्धा नाही. चौक मागे गेला तेव्हा कळलं.

तिनं श्वास सोडला. आई मागून कुजबुजली, "झालं ना?" आणि ते कुजबुजणं पुढे ऐकूही आलं.

"श्श!" बाबा म्हणाले.

"आता काय?"

"ऐका. इंजिन ज्या रबरावर बसतं, त्यातलं एक सैल झालंय. डाव्या बाजूचं. गुरगुरतंय बघ जरा."

"इतकी वर्षं कळलं नव्हतं?" आईनं विचारलं.

"इतकी वर्षं टायर आणि दारं कुठे कळू देत होती? आता ती एकटी बोलतेय." त्यांनी तिसरा टाकला, पुन्हा दुसरा घेतला, पुन्हा तिसरा, नुसतं ऐकायला. "पोरी, संध्याकाळी गॅरेजला जाऊ. आणि हे असं आमच्या डेपोतल्या पोरांना एकदा ऐकवलं पाहिजे. कुणाला क्लच घरी राहिला म्हणत होता ना तो?"

"अहो—"

"थांब गं, चढ येतोय, चढावर नीट कळतं."

"अहो, सेंटर मागे राहिलं!"

बाबांनी आरशात बघितलं. सेंटरच्या दारातल्या दोन बायका हात हलवत होत्या, आणि आता बऱ्याच लहान दिसत होत्या. "चढ संपला की वळवतो," ते म्हणाले. कानवालीला दवाखान्यात उशीर होणार होता. तिनं डोकं मागे टेकलं आणि डाव्या बाजूची ती गुरगुर आपल्यालाही ऐकू येते का ते ऐकू लागली.